पीक-संरक्षणाची बंदूक आणि दिव्यांग शेतकरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतले दिव्यांग शिकारी आणि गोव्यातली पीक-संरक्षणाची बंदूक यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी तिचं सार आधी देतो. गोव्यात शिकार बंद असताना अमेरिकेतल्या दिव्यांग शिकाऱ्यांच्या सवलतींचं कौतुक कशाला? ज्याला उभं राहता येत नाही त्याच्या हाती बंदूक देणं धोक्याचं नाही का? आणि रानडुकरांचा एवढा त्रास असेल तर घरातल्या धडधाकट पोराने तीच बंदूक घेऊन बागायतीत जावं, हाय काय नि नाय काय!

शिकारबंदीबद्दल आपलं दुमत नाहीच. टेक्सासमध्ये अंध शिकाऱ्याला डोळस साथीदारासोबत लेझरचा नेम वापरता येतो, विस्कॉन्सिनमध्ये खास परवाना असेल तर थांबलेल्या गाडीत बसून बार काढता येतो. या सवलती पद्धतीपुरत्या आहेत आणि जिथे शिकारच कायदेशीर तिथल्या आहेत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपवला. उरते ती पीक-संरक्षणाची बंदूक, आणि लेखाचा गोव्याचा भाग तिच्याबद्दलच होता. तिचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे, त्यासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. गवा अनुसूची १ मध्ये, पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर बंदूक रोखायची सोयच नाही. फास लावणं हीसुद्धा कायद्याने शिकारच आणि नुसता प्रयत्नही गुन्हाच. हे सगळं दिव्यांगाला जसंच्या तसं लागू, त्यात सूट मागणारा मी नव्हे.

धोक्याचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक-संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती भरताना दस्ता जमिनीवर टेकवून नळी उभी धरायची, तोंडातून दारू ओतायची, बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, शेवटी ठिणगी पाडणारी टोपी. चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचा हात नळीच्या तोंडाशी धड पोचत नाही. पोचावा म्हणून तो नळी स्वतःकडे कलती करतो आणि भरलेल्या नळीचं तोंड चेहऱ्यासमोर येतं. एका हाताच्या माणसाला तर नळी धरून ठासणंच जमत नाही. म्हणजे धोका आहे, पण तो बंदुकीच्या प्रकारातला आहे. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अपवादात, वाट दिली आहे: ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते, नळी किमान २० इंची हवी. मधे मोडून मागून काडतूस भरायची बंदूक मांडीवर ठेवून भरता येते आणि रिकामीही झटकन होते. अर्जात ‘मी दिव्यांग आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ असं लिहू नका. ‘या कारणाने मला ठासणी सुरक्षितपणे भरता येत नाही, म्हणून परंतुकाखाली काडतुसाची बंदूक द्यावी’ असं लिहा. सोबत २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३ जोडा. वाजवी सोय करून द्यायची जबाबदारी सरकारवर तिथेच टाकली आहे.

बहुतेक अर्ज अडकतात ते वैद्यकीय दाखल्यावर. डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी उतरवतात आणि खाली ‘अयोग्य’ लिहून मोकळे होतात. पायाच्या ७० टक्के दिव्यांगत्वाचा नेम धरण्याशी काय संबंध? दाखल्यात धरणं, रोखणं, रिकामी करणं, कुलपात ठेवणं यांतलं काय जमतं ते वेगवेगळं लिहून घ्या. तोल, झटके, नजर यांत खरीच अडचण असेल तर नकार योग्यच. दिव्यांग हक्क कायदाही रास्त हेतूसाठी लागेल तेवढं बंधन मान्य करतो. पूर्ण अंध शेतकऱ्याला बागायतीत बंदूक द्यावी असं मीही म्हणणार नाही, टेक्सासने काहीही करू दे.

आता तुमचा धडधाकट पोरगा. शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसऱ्याला बंदूक उचलून नेता येते, पण फक्त तीन कामांसाठी: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, किंवा स्वतः धारकाने वापरावी म्हणून. तेव्हा पुतण्याने काकांची बंदूक माचापर्यंत वाहून न्यावी, हरकत नाही. पुतण्याने बार काढला की तो विनापरवाना, आणि काकांचा परवानाही गोत्यात. त्याला चालवायची असेल तर रीतसर परवानगी त्याच्या नावाची हवी. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं त्या तीन कामांत बसत नाही. ज्याला स्वतः जाता येत नाही त्याने कोणाला पाठवण्याआधी ठाण्याकडून लेखी होकार घ्यावा.

तुम्ही सत्तरी तालुक्यातले, म्हणून शेवटचं. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. म्हादई आणि बोंडला ही अभयारण्यं नकाशावर ठेवून वर्तुळं काढा, तालुक्यातलं फारसं काही बाहेर उरत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात फाईल महिनोन्महिने पडून राहिली तर आधी संमतीचं पत्र वनखात्याकडे गेलं का ते विचारा. नकार आलाच तर कारणं लेखी मागा. शस्त्र कायद्याच्या कलम १४ खाली ती नोंदवावीच लागतात आणि कलम १८ खालचं अपील त्यांच्यावरच उभं राहतं. कारण नुसतं ‘दिव्यांग’ एवढंच असेल तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडेही तक्रार करता येते.