विचारांचा सातबारा पक्षाच्या नावावर नसतो

‘पक्ष सांगा, माणूस ओळखतो’ असा मजकूर निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्यात तीन दावे असतात: मतावरून माणसाचे सगळे विचार कळतात, मत बदलणाऱ्याला तत्त्व नसतं, आणि विरुद्ध विचारांची माणसं एकत्र आली तर त्यातलं कुणीतरी ढोंगी असतं.

पहिला दावा सांगोल्यात टिकत नाही. तिथून गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, तेही मार्क्सवाद मानणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप). सांगोला पंढरपूरला लागूनच. माळकऱ्यांनी त्यांना मत देताना गळ्यातली माळ काढून ठेवली नव्हती. दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी भांडणारा, साधेपणाने राहणारा माणूस त्यांना हवा होता. विचारसरणी बघून मत देणारेही असतात, नाही असं नाही. पण शिक्का पाहून कोण कुठल्या कारणाने आला ते कळत नाही. त्यासाठी त्यालाच विचारावं लागतं. नेमकं तेच आपण सोडून दिलंय, आणि त्यापायी सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतंय.

दुसरा दावा. २०२४ च्या लोकसभेला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांनी जिंकल्या. मतदान वाढलं होतं हे खरं, तरी इतका फरक काही मतं फिरल्याशिवाय पडत नाही. मग सहा महिन्यांत या लोकांची तत्त्वं बुडाली म्हणायची? दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा, हा हिशेब मतदार पूर्वीपासून करत आलाय. शिवाय २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. इथे मतदार जागेवरच होता, पक्ष हलले.

तिसरा दावा करणाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्र समिती आठवावी. १९५६ साली पुण्यात ती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते, तसेच हिंदुमहासभा आणि जनसंघही. देवधर्म, जात, मालमत्ता यांवर त्यांचं एकमत कधीच नव्हतं. मुंबईसह महाराष्ट्र हवा, एवढ्यावर मात्र होतं, आणि तेवढ्या बळावर १९५७ मध्ये त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरवलं. यातला ढोंगी कोण, कम्युनिस्ट डांगे की समाजवादी एसेम जोशी?