खुलासा: ट्रेसेल आणि ‘कूपरची पोरं’

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या गप्पांत एक दावा सतत फिरतो: ओहायो स्टेट विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांनी २००२ चं विजेतेपद आधीच्या जॉन कूपर यांच्या खेळाडूंवर मिळवलं, त्यांना स्वतःला पारख नव्हती.

पहिला भाग बराचसा खरा. ट्रेसेल २००१ च्या जानेवारीत आले. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा) क्रेग क्रेन्झेल, बचावातला माइक डॉस, पर्ड्यूविरुद्ध चौथ्या डाऊनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, ३७ यार्डांचा पास झेलणारा मायकेल जेन्किन्स, हे सगळे कूपर यांनीच आणलेले. पोरं हेरण्यात कूपर तरबेज होतेच. कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनसमोर मात्र १३ सामन्यांत जेमतेम २ विजय.

पण मायामीविरुद्धची फिएस्टा बोल, म्हणजे त्या विजेतेपदाचा निर्णायक सामना, आठवा. मायामीच्या शॉन टेलरने ओहायो स्टेटचा पास मध्येच पकडला, चेंडू घेऊन पळत सुटला, आणि मागून आलेल्या मॉरिस क्लॅरेटने तो त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. दुसऱ्या ओव्हरटाइममधला विजयी टचडाऊनही क्लॅरेटचाच. क्लॅरेट पहिल्या वर्षाचा, म्हणजे ट्रेसेल यांनीच भरती केलेला. (पुढे तो ओहायो स्टेटकडून कधीच खेळला नाही, ती वेगळी रडकथा.)

त्याच २००२ च्या भरतीत पुढे गाजलेले ए. जे. हॉक, निक मॅन्गोल्ड, सँटोनियो होम्स. आणि अगदी शेवटची शिष्यवृत्ती मिळाली ट्रॉय स्मिथला, ज्याने २००६ मध्ये हाइजमन करंडक (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा) उचलला. याला पारख नाही तर काय म्हणायचं?