फायनलच्या दिवशी ग्रहण होतं

८ एप्रिल २०२४. दुपारी तीनच्या सुमारास इंडियाना राज्यात खग्रास सूर्यग्रहण, आणि रात्री सव्वानऊनंतर पर्ड्यू विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमची राष्ट्रीय फायनल. आमचं वेस्ट लाफायेट, म्हणजे पर्ड्यूचं गाव, खग्रासच्या पट्ट्याच्या जरासं बाहेर पडत होतं. त्यामुळे निम्मं गाव सकाळीच गाड्या काढून इंडियानापोलिसच्या दिशेला गेलं, आणि संध्याकाळी टीव्हीवर मॅच गाठायला तितक्याच घाईनं परत आलं. सकाळी कोल्हापूरहून आईचा फोन. "ग्रहणात बाहेर हिंडू नकोस. आणि अवसेच्या दिवशी कसली फायनल ठेवलीय रे त्यांनी?" म्हटलं, मॅच सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे पाडव्याची सकाळ झालेली असेल. "मग असू दे," ती म्हणाली. "मग जिंकतील."

हरले. ७५-६०.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप. गेला आठवडाभर तिथं एकच वाद पेटलाय. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण ठेवावं की काढावं? एक म्हणतो बंदच करा, बोगस प्रमाणपत्रांची किती प्रकरणं निघाली ते बघा. दुसरा स्वतः खेळलेला. तो म्हणतो, गुडघे फोडून घेतल्यावर खेळाडूच्या हाताला तेवढंच तर लागतं, तेही काढून घेता? मग तिसऱ्यानं नेहमीचा पत्ता टाकला : "अमेरिकेत बघा. तिथं कॉलेजच खेळाडू घडवतात." आणि चौघांनी मला टॅग केलं. भावा, तू तिथं आहेस, तूच सांग.

तर सांगतो. पण मला माहिती आहे ती एकाच टीमची आणि एकाच गावाची गोष्ट.

ती फायनलच्या वर्षभर आधीपासून सुरू होते. १७ मार्च २०२३, ओहायोतलं कोलंबस शहर. ६८ टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यूला आपल्या गटात पहिलं मानांकन होतं. समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, मानांकन सोळावं. देशभरात पहिल्या श्रेणीच्या साडेतीनशेहून जास्त कॉलेज टीम आहेत, त्यातली सरासरी उंचीत सगळ्यात बुटकी टीम ही. आमच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच. आणि पर्ड्यू हरलं, ६३-५८. पुरुषांच्या या स्पर्धेत सोळाव्यानं पहिल्याला घरी पाठवण्याची ही दुसरीच वेळ. पहिली २०१८ची, तेव्हा व्हर्जिनियाची टीम गेली होती. बरं, हा काही एकाच वर्षाचा अपघात नव्हता. त्याच्या आदल्या दोन वर्षांतही पर्ड्यू असंच तेराव्या आणि पंधराव्या मानांकनाच्या टीमकडून हरून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला मी बर्फ उपसताना पाहिलं. बर्फ नावापुरताच होता, तो उगाच उपसत होता. कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. मॅकी अरिनात, म्हणजे पर्ड्यूच्या बास्केटबॉल स्टेडियमात, त्याच्या दोन ठरलेल्या खुर्च्या आहेत, त्याच्या वडिलांपासूनच्या. प्रत्येक मॅचला तो बारकी वही नेतो आणि पेन्सिलीनं रिबाउंड, म्हणजे हुकलेला बॉल कुणी पकडला ते, लिहितो. स्क्रीनवर सगळं दिसत असतं, तरी लिहितो. मी विचारलं, आता कोच बदलतील का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या घरातलं कुणी काढून टाकायला सांगितलंय.

कोच मॅट पेंटर. इंडियानातल्याच मन्सीचा, पर्ड्यूकडूनच खेळलेला, २००५पासून मुख्य कोच. तो राहिला. ईडीनं एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, खेळाडू निवडीला (ड्राफ्टला) नाव दिलं होतं, ते मागे घेऊन तो परत आला. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, मेसन गिलिस, हरलेल्या टीममधली जवळजवळ सगळी पोरं परत आली. बाहेरून महत्त्वाचा खेळाडू आला तो एकच, लान्स जोन्स. देशभर चेष्टा झालेल्या मॅचनंतर तीच टीम, तोच कोच आणि तेच गाव पुन्हा उभं राहिलं. मला त्या सीझनमधलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

सीझन तर बघायलाच नको. एकामागोमाग एक गोंझागा, टेनेसी, मार्क्वेट अशा टीमना हरवलं. डिसेंबरात इंडियानापोलिसला ॲरिझोना. अख्ख्या वर्षात ३४ विजय आणि ५ पराभव. मार्चमध्ये डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीचे एकट्याचे ४० पॉइंट आणि १६ रिबाउंड, आणि त्या रात्री पर्ड्यू १९८०नंतर पहिल्यांदा शेवटच्या चौघांत पोचलं. म्हातारा सत्तरीच्या पुढचा. तो ड्राइव्ह-वेमध्ये उभा राहून रडला, आणि मग मला म्हणाला की डोळ्यात काहीतरी गेलं.

आता ईडीची एक गंमत, जी ग्रुपवरच्या कुणालाच ठाऊक नव्हती. ईडी टोरांटोचा, म्हणजे कॅनडाचा. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. असं राल्फ सॅम्पसननंतर चाळीसेक वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. २०२१पासून इथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमवायची मुभा आहे. दुसऱ्या फळीतली पोरंही गाड्यांच्या शोरूमच्या जाहिराती करतात. ईडीला मात्र ती कमाई जवळजवळ बंद होती, कारण तो स्टुडंट व्हिसावर. एफ-वन! जो माझा होता, तोच. मी एमएस करताना डायनिंग कोर्टात भांडी विसळायचो, आठवड्याला २० तास, त्यावर एक मिनिट नाही, आणि कॅम्पसबाहेर काम करायचं तर नावच नको. इमिग्रेशनच्या कागदावर तो सात फूट चार इंचाचा हिरो आणि मिरजेहून आलेला, तिखटाच्या पुड्या बॅगेत लपवणारा माझा रूममेट एकाच रांगेत. हे कळल्यापासून इथल्या मराठी पोरांना ईडी आपल्यातला वाटायचा. 'आपला झॅक'. त्यालाही म्हणे ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) लागेल का, असले विनोद चालायचे.

म्हणजे 'अमेरिकेत कॉलेज खेळाडू घडवतं' हे खरं, पण त्या घडवण्यात पैशाचा हिशेब फार गुंतलेला आहे. दर मार्चमधल्या या राष्ट्रीय स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा २०१६मध्ये जो करार वाढवला, तो आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरचा. त्यातून खेळाडूच्या हातात वर्षानुवर्षं शिष्यवृत्ती सोडून थेट असं काही जात नव्हतं. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊच्या नऊ न्यायाधीशांच्या मतानं कॉलेज संघटनेला फटकारलं, आणि २०२५च्या जूनमध्ये दुसऱ्या एका खटल्यात तडजोड होऊन कॉलेजांना स्वतः खेळाडूंना पैसे द्यायची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षी एका कॉलेजची मर्यादा दोन कोटी डॉलरच्या थोडी वर. मला हे न्यायाचंच वाटतं. पण त्याबरोबर ट्रान्स्फर पोर्टलची ये-जा इतकी वाढलीय की पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, आणि म्हाताऱ्याला वहीत नवी नावं लिहिताना स्पेलिंग विचारावं लागतं.

आणि बोगसगिरी? तीही आहे बाबांनो. २०१९मध्ये इथं मोठं प्रकरण गाजलं. श्रीमंत आईबापांनी दलालाला पैसे चारून मुलांना नामांकित विद्यापीठांत खेळाडू म्हणून घुसवलं. कधी वल्हं न मारलेल्या मुलीला व्यायामाच्या मशीनवर बसवून नौकानयनपटू म्हणून फोटो काढला. आपल्याकडच्या ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांची बातमी वाचली तेव्हा मला तो फोटोच आठवला. खेळाच्या नावानं काही मिळतं म्हटलं की खोटे खेळाडू येणारच. त्यासाठी खऱ्याचं ५ टक्के काढून घ्या म्हणणं मला पटत नाही. तपासणी कडक करा, विषय संपला.

पण माझा मुद्दा हा नाहीच. क्रीडागुणांवर तुम्ही जन्मभर भांडलात तरी एक गोष्ट त्यात येत नाही, ती म्हणजे बघणारा.

मी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळलो. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे आमच्या टीममधला सेंटर, सगळ्यात उंच गड्याची जागा, मीच! झोनलची फायनल आठवते. डांबरी कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर दर पाच मिनिटांनी भांडण. ट्रॅकसूट सही करून घ्यायचा आणि धुऊन परत करायचा. टीए-डीएच्या कागदावर सही केली, पैसे पास झाल्यावर आले. आमचे फिजिकल डायरेक्टर सर स्वतःच्या खिशातून डझनभर केळी घेऊन आलेले. आणि प्रेक्षक मी मोजले होते : अकरा. त्यातले दोघे राखीव खेळाडूंचे मित्र, एक वॉचमन, आणि एक माणूस कोर्टच्या कडेला लावलेली त्याची स्कूटर निघायची वाट बघत होता. आम्ही जिंकलो. त्यानं स्कूटर काढली. सोमवारी वर्गात कुणाला पत्ताही नव्हता की मॅच होती. जिमखाना फी मात्र वर्गातल्या प्रत्येकानं भरली होती.

आता कुणी म्हणेल, आपल्या लोकांना खेळ बघायची आवडच नाही. हे कोल्हापुरात येऊन म्हणावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची फुटबॉल मॅच असली की पेठांतली दुकानं ओस पडतात. हलगी वाजते, हजारो माणसं उन्हात दगडी पायऱ्यांवर बसतात, आणि रेफ्रीच्या घराण्याचा उद्धार होतो तो वेगळाच. खासबागेत कुस्ती लागली की काय होतं ते तर सांगायला नको. १९५२ला हेलसिंकीहून खाशाबा जाधव ब्राँझ घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यांना धाडायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. कॉलेजचा मुख्य माणूस खेळाडूसाठी घर गहाण टाकतो, याच्या तोडीचं उदाहरण मला पर्ड्यूच्या इतिहासात सापडलेलं नाही.

मग फरक कुठे? माझं मत असं : आपल्याकडे टीम पेठेची असते, कॉलेजची नसते. कॉलेज म्हणजे तीन-चार वर्षांत मार्कशीट घेऊन बाहेर पडायची जागा. इथं उलटं झालंय. लाफायेट आणि वेस्ट लाफायेट मिळून लाख-सव्वा लाखाची वस्ती, मॅकीच्या खुर्च्या चौदा हजारांवर, आणि थंडी उणे पंधरा असली तरी भरलेल्या. शेजारचा म्हातारा पर्ड्यूत एक दिवसही शिकलेला नाही, त्याची मुलंही नाहीत. पर्ड्यू त्याची पेठ आहे, बस्स. पाटाकडील हरली की आमच्या गल्लीत त्या रात्री चूल पेटायची नाही, तसंच हे.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की गुण द्या, नोकऱ्या द्या, पण झोनलची फायनल एखाद्या शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या गेटसमोरच्या कोर्टवर ठेवा, दिवे लावा आणि वडापावची गाडी बोलवा. यावर एकानं हसण्याचा इमोजी टाकला आणि दुसऱ्यानं विचारलं की दिव्यांचं लाइटबिल कुठल्या हेडखाली दाखवायचं. तो प्राध्यापक आहे. त्याचा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा वाटत नाही.

जाता जाता : पर्ड्यूनं बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल एकदा जिंकलेली आहे. १९९९ साली, मुलींनी. हे म्हाताऱ्यानंच मला सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी, आणि जरा ओशाळून.

तर ती रात्र. आमच्या हॉलमध्ये आठ मराठी माणसं आणि म्हातारा. समोरच्या यूकॉनचा, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाच्या टीमचा, डाव साधा होता : ईडीला काय करायचं ते करू द्या, बाकीच्यांना बाहेरून नेम धरू देऊ नका. ईडीनं ३७ पॉइंट केले. अख्ख्या सीझनमध्ये थ्री-पॉइंटरसाठी, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटसाठी, नावाजलेल्या आमच्या टीमला त्या रात्री एकच थ्री मिळाला. हाफटाइमला ३६-३० होतं, आशा होती. तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला, गॅलरीत गुढी, मागे पाडव्याचं कोवळं ऊन. सेकंड हाफला अंतर वाढतच गेलं. म्हाताऱ्यानं शेवटची चार मिनिटं वहीत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोर्चवर गुढी उभारली. तो कुंपणाशी आला, पालथ्या तांब्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि विचारलं, हे कशासाठी? मी सांगून बसलो की विजयाची खूण म्हणून उभारतात. मग काय बोलावं ते मलाच सुचेना, म्हणून ताटलीतला गूळ आणि आईनं पाठवलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा चुरा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो चावला. चेहरा वाकडा झाला, पण थुंकला नाही.

"हं," तो म्हणाला. "सेकंड हाफ."