नुसता बीप पुरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ॲपने आवाजानेही प्रतिसाद द्यावा, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे, पण मन लावून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फोन सायलेंटवर असतो, प्रत्येक क्लिकला 'टिंग' म्हणजे निव्वळ कटकट, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा मी विचारच केलेला नाही.

शेवटचा मुद्दा बिनशर्त मान्य. आवाजाच्या जोडीला पडद्यावर खूण हवी, जमेल तिथे कंपनही हवं. लेखात ते राहिलं, चूक माझी. टिंगचंही पटलं. बटण दाबलेलं डोळ्यांना दिसतंय, मग कानांना कशाला त्रास?

पण म्हणून आवाजच नको? इथे मी अडतो. गोदामातल्या मालाच्या मोजणीसाठी मी एक ॲप केलं होतं. बारकोड स्कॅन केला की टॅबलेटवर नोंद पडायची, वस्तू यादीत नसेल तर लाल पट्टी यायची. मोजणी संपली आणि आकडे जुळेनात. मग एक दिवस तिथे जाऊन नुसता उभा राहिलो. पडद्याकडे कोणी बघतच नव्हतं! नजर खोक्यांवर, कान स्कॅनरच्या बीपवर. आता तो बीप एवढंच सांगतो की बारकोड वाचला गेला. नोंद पडली की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो. लोक मात्र बीप ऐकून 'झालं' म्हणत पुढच्या खोक्याकडे वळत होते.

मग एकच आवाज घातला, नोंद नाकारली तरच वाजणारा. आधी खर्जातला निवडला, तर टॅबलेटच्या इवल्याशा स्पीकरमधून तो धड बाहेरच पडेना. शेवटी मधल्या पट्टीतले दोन तुटक ठोके ठेवले, बीपशी गल्लत होणार नाही असे. तरी एक भानगड उरली. सर्व्हरचं उत्तर उशिरा आलं की ठोके पुढच्या खोक्याच्या वेळी वाजत. साधारण ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तरच तो आपल्या कृतीचा वाटतो. म्हणून वस्तूंची यादी आधीच टॅबलेटवर उतरवून ठेवली. नोंद नीट पडली तर ॲप गप्प.

तसं हे जुनंच आहे. टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटरचं लक्ष वेधायला घंटी वाजवत. संगणकात अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या आस्की या यादीत तिचा संकेत अजून ७ क्रमांकावर आहे. आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं काय? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, काम पुढे सरकेल तसा बीपचा स्वर चढवत नेतो; किती झालं ते कानांनीच कळतं.

राहिला सायलेंट फोन. तो सायलेंटच राहू द्यावा, ॲपने आगाऊपणा करू नये. मी आता माझ्या ॲपमध्ये टायपिंगचे आणि बटणांचे आवाज मुळातच बंद ठेवतो. नाकारलेल्या नोंदीचा तेवढा चालू, आणि तो बंद करायचा पर्याय पहिल्याच पानावर.