हातचा विसरा

शाळेत हातचा विसरतो म्हणून मी भरपूर मार खाल्लाय. त्यामुळे पत्ते पिसता पिसता मेहुणा जेव्हा म्हणाला, "भावोजी, यात हातचा धरायचाच नाही," तेव्हा हा खेळ आपल्यासाठीच काढलाय अशी माझी खात्री पटली. खेळाचं नाव बॅकरा. शेवटी 'ट' लिहितात, पण म्हणत नाहीत. बकरा कोण, हे मला जरा उशिरा कळलं.

एक्क्याचा एक, दुर्री ते नव्वी जेवढ्यास तेवढे. दश्शी, गुलाम, राणी, राजा सगळे शून्य. (राजाला शून्य किंमत देणारा खेळ मला तत्त्वतः आवडतो.) सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच. नऊच्या जवळ जो, तो जिंकला.

कॅसिनोत बहुधा आठ कॅट एकत्र पिसतात, ४१६ पानं. आमच्याकडे एकच कॅट, आणि पैशांऐवजी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. पानं दोनच बाजूंना वाटतात, 'प्लेअर' आणि 'बँकर', आणि कोण जिंकेल यावर बटणं लावायची. मी 'प्लेअर'वर लावली. खेळतोय मी, म्हणजे प्लेअर मीच, नाही का?

प्लेअरला दुर्री-तिर्री आली, पाच. बँकरला राणी आणि चारचं पान, चार. मी बटणं ओढायला हात पुढे केला.

"थांबा, पाचवर तिसरं पान घ्यावंच लागतं."

"मला नकोय."

"तुम्हाला कोण विचारतंय?"

छक्की आली. अकरा, म्हणजे एक! आयुष्यात पहिल्यांदा मला हातचा हवा होता.

आता बँकर चारवर जिंकलाच होता, पण समोरचं तिसरं पान दोन ते सात असेल तर चारवर त्यानेही ओढायचं. आठ असतं तर नाही. का, ते विचारलं. मेहुण्याने तक्ता काढला. बँकरला नव्वी आली, तेरा, म्हणजे तीन. तरी जिंकला.

चिडून मी सगळी बटणं 'टाय'वर लावली. एकाला आठ मिळतात! बरोबरी शंभरात साडेनऊ वेळाच होते, हे मेहुण्याने बटणं गोळा करताना सांगितलं.

बायको मात्र दर डावाला मान वर न करता "बँकर" म्हणत होती. वीस लावायची, जिंकली की पाच टक्के कापून एकोणीस घ्यायची आणि पुन्हा स्वेटर विणायची.

सकाळी शर्टाचं बटण तुटलं. तिच्याकडे मागितलं, तर म्हणाली, "काल सगळी टायवर लावलीस ना?"