मेजर, पेन्शन आहेच की तुम्हाला!

आपल्या ओळखीतला एखादा तरी फौजी दरवर्षी पेन्शन येतो. (शहरात माणसं रिटायर होतात, आमच्या सातारा भागात ती 'पेन्शन येतात'. व्याकरण विचारू नका.) तो येतो, काळी ट्रंक माळ्यावर टाकतो, पंधरा दिवस भावकीला कँटीनची बाटली पुरवतो आणि सोळाव्या दिवशी तुम्हाला फोन करतो, "दादा, कुठं काम असलं तर बघा की." देशभरात वर्षाला साधारण ६० हजार जण असे बाहेर पडतात आणि त्यातले बहुतेक पस्तिशी-चाळिशीतलेच असतात. तेव्हा हा फोन तुम्हालाही चुकणार नाही. घाबरू नका. मी गेली अकरा वर्षं पुण्यातल्या एका हाउसिंग सोसायटीचा सचिव आहे. तीन फौजींचं पुनर्वसन माझ्या हातून झालंय, तिघांचंही गेटवर. त्या अधिकाराने दोन शब्द सांगतो.

पहिलं म्हणजे माणूस समोर आला की त्याला 'मेजर' म्हणून मोकळे व्हा. तो शिपाई होता, नायक होता की सुभेदार, या भानगडीत शिरू नका. हवालदाराच्या तीन पट्ट्या मिळवायला त्याला कितीही वर्षं लागली असोत, कितीही कॅडर (बढतीसाठीचे कोर्स) द्यावे लागले असोत, आपण एका शब्दात बढती देऊन टाकायची. ही बढती फुकट आहे आणि फार उपयोगी आहे. मेजर म्हटलेल्या माणसाला पगाराची घासाघीस करायला लाज वाटते. खरा मेजर आपल्या गेटवर येत नाही, तो आयआयएममधला २४ आठवड्यांचा कोर्स करून कुठेतरी 'हेड, अॅडमिन' होतो.

मग विचारा, "मेजर, काय काय येतं तुम्हाला?" विचारायलाच हवं, तो शिष्टाचार आहे. फक्त उत्तर ऐकत बसू नका. मी एकदा ऐकलं आणि उगाच डोक्याला ताप झाला.

आमचे शेवटचे मेजर सीक्यूएमएच होते, म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. शंभर-सव्वाशे माणसांचं राशन, कपडे, बूट, तंबू, रॉकेल, बॅटऱ्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. लडाखकडच्या एका पोस्टवर दोन हिवाळे काढलेले. बर्फाने वाट बंद व्हायच्या आत सहा महिन्यांचं सगळं वर चढवून ठेवायचं असतं, त्याला ते 'विंटर स्टॉकिंग' म्हणत. "सर, तिथं वाण्याचं दुकान नसतं," ते मला सांगत होते. "ऑक्टोबरात माचिस मोजायला चुकलो तर फेब्रुवारीत चूल पेटत नाही." चुकला होतात का कधी, असं मी विचारलं. "एकदा. कांदा सडला. पोरांनी तीन महिने माझ्या नावानं शंख केला." हे सांगताना त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या किल्ल्यांच्या ढिगाऱ्यावर होती. दुसऱ्या दिवशी त्या ढिगाऱ्यातल्या प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला आणि नंबर लागलेला होता. मी म्हटलं, वा मेजर, आता गेटवर जाऊन बसा.

तुमचा मेजर सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला जवान, असेल तर प्रश्न आणखी सोपा. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेव्हा नवा पादचारी पूल बांधायला आपण लष्कराला बोलावलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्या पुलावरून लोक चालायलाही लागले. नागरी खात्यांच्या मानाने हा वेग अशोभनीय होता, पण संकटकाळात चालतं. असा पूल बांधणारा माणूस वर्दी उतरवून कंत्राटदाराकडे गेला की कंत्राटदाराने शांतपणे विचारायचं, "डिप्लोमा आहे का?"

आता बायोडेटा. इथे मदत जरूर करा, कारण पुढे काय होणार हे बघायला मजा येते. माझा भाचा चाकणच्या बाजूला एका गोदामवाल्या कंपनीत एचआरमध्ये आहे. दहा मिनिटांत घरी किराणा पोचवण्याचा यांचा धंदा, त्यामुळे साठा सांभाळणाऱ्या माणसाची त्यांना सतत चणचण. मी म्हटलं, बघ बाबा आमच्या मेजरांचं. भाच्याने त्यांना ऑनलाइन फॉर्म पाठवला. मी आणि मेजर रात्री केबिनमध्ये मोबाइलवर भरायला बसलो.

'मागील कंपनीचे नाव'. भारतीय सेना. 'कंपनीचा पत्ता'. मेजरांनी सांगितलं, केअर ऑफ ५६ एपीओ. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फौजेत युनिट कुठे आहे ते सांगायचं नसतं, त्यामुळे निम्म्या देशाची पत्रं या एकाच पत्त्यावर जातात. फॉर्मने शहर निवडायला सांगितलं. यादीत ५६ एपीओ नावाचं शहर नव्हतं. 'मागील व्यवस्थापकाचा अधिकृत ईमेल'. मेजर म्हणाले, सीओ (युनिटचे प्रमुख) साहेब आता फील्डमध्ये असतील. 'शिक्षण'. बारावी, आणि खाली सेनेचं प्रमाणपत्र की दहावी पास होऊन १५ वर्षं सेवा केलेला माणूस केंद्राच्या गट-क नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा समजावा. फॉर्मने विद्यापीठाचं नाव विचारलं. शेवटी आम्ही 'इतर' वर टिचकी मारली आणि फॉर्म सबमिट झाला.

भाच्याचा चार दिवसांनी फोन. "मामा, चोवीस वर्षं एकाच ठिकाणी? आणि लोकेशन नऊ वेळा बदललंय. आमची सिस्टीम एकाच वेळी 'स्टॅग्नंट' पण म्हणते आणि 'अनस्टेबल' पण." पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीचा माणूस मागच्या ऑफिसला भेट देऊन फोटो काढून आणतो म्हणे. तो ५६ एपीओ शोधायला निघाला असेल तर अजून वाटेतच असेल. मेजरांच्या डिस्चार्ज बुकात चारित्र्यापुढे 'एक्झेम्प्लरी', म्हणजे आदर्श, असं लिहिलेलं आहे, हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण पोलिस व्हेरिफिकेशन लागेल. आणि मग अगदी मनापासून, पोरगा वाईट नाही हो, "मामा, आमच्या गोदामाला सिक्युरिटी सुपरवायझर हवाय. शिस्तीचा माणूस पाहिजे. विचारू का?"

'शिस्तीचा माणूस' हा शब्द जाहिरातीत आला की त्याचा अर्थ नीट लावायला शिका. बारा तास उभा राहील, ओव्हरटाइम मागणार नाही, युनियन करणार नाही आणि आपण मोटारीतून आत येताना हात कपाळाला नेईल. माचिस मोजण्याचा त्यात काही संबंध नाही.

पगाराचं बोलणं निघालं की मात्र तुमचं खरं कसब लागतं. त्याने आकडा सांगितला की जरा थांबा, चहाचा घोट घ्या आणि म्हणा, "पेन्शन आहेच की तुम्हाला!" या वाक्याला तोड नाही. वरच्या मजल्यावरचे आमचे साने वडिलांचे चार फ्लॅट भाड्याने देतात, म्हणून त्यांच्या कंपनीने पगार कमी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण फौजीला पेन्शन आहे म्हणजे तो काम करतो ते वेळ जात नाही म्हणून, अशी आपली सगळ्यांची प्रामाणिक समजूत आहे. मुलीची अकरावी, घराचं कर्ज, आईचा गुडघा हे सगळं त्या पेन्शनमध्ये बसतं का, हा हिशेब सीक्यूएमएचला आपल्यापेक्षा चांगला येतो. म्हणून तो त्याच्यावरच सोपवा.

सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या आरक्षणाची आठवण करून द्यायला विसरू नका. राज्यात गट-क आणि गट-डला १५ टक्के, केंद्रात १० आणि २०. वयाची अडचणही नाही. खऱ्या वयातून सेवेची वर्षं वजा करतात, त्यामुळे बेचाळिशीचे आमचे मेजर सरकारी हिशेबाने थेट अठरा वर्षांचे होतात. (सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात. माझी बायकोसुद्धा, ती छप्पन्नची आहे.) जाहिरात आली, की चोवीस वर्षांपूर्वी पुस्तक मिटलेल्या माणसाने परवाच क्लासमधून बाहेर पडलेल्या पोरांबरोबर गणित-बुद्धिमत्तेचा पेपर द्यायचा. नाही निघाला तर आहेच शेरा, 'पात्र माजी सैनिक उमेदवार उपलब्ध नाही.' राखीव जागाही राहिली आणि शिरस्ताही राहिला.

एवढं सगळं करून माणूस गेटवरच आला तरी त्याला तसाच उभा करू नका, कायदा आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे आणि केंद्राच्या नमुना नियमांत सामान्य गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिकाला सवलत आहे, त्याला फक्त ५६ तास. चाळीस तास वर्गात, सोळा तास मैदानावर. चोवीस वर्षं सीमेवर पहारा दिलेल्या माणसाला व्हिजिटर्स रजिस्टर आणि स्विगीवाला ही प्रकरणं समजायला सात दिवस लागतात, हे कायद्यालाही मान्य आहे. ५६ एपीओतून निघालेला माणूस ५६ तासांत आपल्या फाटकापर्यंत येतो. यात काही योगायोग असावा.

सन्मानात मात्र कुठे कमी पडू नका. २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन असतं. या वर्षी दोरी अडकली, झेंडा अर्ध्यावर, नगरसेवकांचा हात वर तो वरच. मेजर गेटवरून धावत आले, गाठ सोडवली, दोरी ओढून नगरसेवकांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकून सावधान उभे राहिले. फोटो छान आला, त्यात मेजर कडेला कोपरापर्यंत दिसतात. मग मी भाषणात आमच्या साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचा उल्लेख केला. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी टाळ्या पडतात. मेजरांना कागदी कपातला चहा गेटवरच पोचवला. गेट सोडून कसं चालेल?

पुढची सोय तर सरकारनेच करून ठेवली आहे. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, मग चौघांतला एक आत आणि तिघे बाहेर. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, चार वर्षं बोटांवर मोजून घ्या. योजना जाहीर झाली त्याच आठवड्यात एका राष्ट्रीय पक्षाच्या सरचिटणीसांनी सांगून टाकलं, की पक्ष कार्यालयाला सुरक्षारक्षक ठेवायचा झाला तर अग्निवीरालाच प्राधान्य देईन. पुढे खुलासाही आला, पण मला पहिलं वाक्य जास्त प्रामाणिक वाटलं. आपली मात्र एक अडचण होणार. अग्निवीराला पेन्शनच नाही, मग ते वाक्य कसं म्हणायचं? सोपं आहे. त्याला निघताना ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो, त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला. तेव्हा चहाचा घोट घ्या आणि म्हणा, "अरे, अकरा लाख आहेत की तुझ्याकडे!" शिवाय हा तेवीस-चोवीसचा. आमच्या मेजरांपेक्षा जास्त वर्षं उभा राहील.

मेजर गेल्या महिन्यात गेले. भाच्याच्या गोदामात नाही, दुसरीकडे कुठे ते सांगितलं नाही. "पुढचं पोस्टिंग बघतो, सर," एवढंच. महिनाअखेरीला निघायचं होतं, पण दोन दिवस आधी ते हातात चार फुलस्केप कागद घेऊन केबिनमध्ये आले. वर लाल पेनने लिहिलेलं, 'हँडिंग-टेकिंग ओव्हर'. खाली ओळीने: किल्ल्या ६३, पैकी डुप्लिकेट नाही ७. अग्निशामक सिलिंडर ११, पैकी मुदत संपलेले ९. जनरेटरचं डिझेल, मोजून, २६ लिटर. पाण्याची मोटर नंबर दोन, बेअरिंग गेलंय, तारखेसह तीनदा कळवलं. टॉर्च ४, चालू १. छत्री १, माझी स्वतःची, नव्या माणसासाठी ठेवली आहे.

"सर, मोजून घ्या आणि इथं सही करा. मोजल्याशिवाय चार्ज देता येत नाही."

मी म्हटलं, "राहू द्या हो मेजर, आमचा विश्वास आहे तुमच्यावर," आणि सही करून टाकली. ते हलले नाहीत. "नाही सर," म्हणाले, आणि किल्ल्यांचा बोर्ड उचलून माझ्यासमोर ठेवला. "एक नंबरपासून."