डावीकडचा हॉर्न

आमच्या अप्पांची अँबेसेडर 1968 ची, मार्क-टू. घरात तिला कुणी ‘गाडी’ म्हणत नाही, ‘ती’ म्हणतात. त्यामुळे अप्पा फोनवर “सकाळपासून ती उठायलाच तयार नाही, शेवटी दोघांनी मागून धक्का दिला” असं सांगायला लागले की पलीकडचा माणूस आईची तब्येत विचारतो.

गेली दोन वर्षं तिच्या अंगात येत होतं. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद मंद पेटायचे. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा खाली यायचा. आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. अमळनेरात असल्या लक्षणांवर पहिला उपाय ठरलेला आहे. आई दोन मंगळवार मंगळग्रह मंदिरात जाऊन आली. अप्पांनी मात्र बॉनेटखाली डोकं घालून निदान केलं, “तिला मंगळ नाही, पृथ्वी नडतेय.”

म्हणजे अर्थिंग. बल्बमधून गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. पत्र्याला जोडलेलं टोक गंजलं की त्याची घरची वाट बंद होते, मग तो शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखा शेजारच्या बल्बात शिरून कुठून तरी घर गाठतो. हे मला नीट समजलं. समजलं तिथेच घात झाला. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आलो आणि जेवताना बोलून गेलो, “सगळी वायरिंगच बदलून टाकू. चार दिवसांचं काम आहे.”

मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. ते आले, डॅशबोर्डखाली आडवे झाले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच आवाज आला, “भाऊ, हाई वायरिंग नही, हाऊ उंदीरना संसार शे.”

मूळ वायरींवर सुती वेष्टण आणि आत रबर. ते रबर इतकं वाळलं होतं की हात लावला की शेवेसारखा चुरा. त्यावर आमच्या घराण्याचा इतिहास थराथराने चढलेला. थोरल्या आत्याच्या लग्नात बॉनेटवर रोषणाई केली, तिची एक वायर. कॅसेट प्लेअर आला, त्याच्या दोन. प्लेअर चोरीला गेला, वायरी राहिल्या. कुठल्याशा निवडणुकीत काकांनी टपावर भोंगा लावला होता. त्याची वायर थेट बॅटरीला जोडलेली आणि तिचं दुसरं टोक सीटखाली उघडं. उमेदवार पडला, वायरीतला करंट अजून चालू होता. एका सांध्यावर टेपऐवजी डॉक्टरी चिकटपट्टी होती. अप्पा म्हणाले, “ती मी लावलीय. तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाची. उरली होती.”

कामाचा नियम सोपा आहे. बॅटरी सोडायची, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावायची, जुना जुडगा अखंड बाहेर काढून पसरायचा आणि त्याच्या मापाने नवा बांधायचा. चिठ्ठ्या मी लावल्या. सुवाच्य अक्षरात 63 चिठ्ठ्या, सेलोटेपने. त्या गच्चीवर गेल्यावर खानदेशातल्या उन्हाने सेलोटेपबद्दल आपलं मत दिलं. संध्याकाळी जुडगा जागेवर होता, चिठ्ठ्या शेजाऱ्यांच्या तुळशीत.

गच्चीवर का, तर तिथे बाज होती. आणि मे महिन्यात आमच्याकडे बाज रिकामी असते असं समजणं हीच मुळात पुणेरी चूक. आईने बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी आंबवून ठेवली होती. “तुझी आतडी उचल इथून,” ती म्हणाली. वाटाघाटी झाल्या: उशाकडची बाजू वायरिंगला, पायथ्याची बिबड्यांना. त्या वर्षीच्या तीन बिबड्यांवर मागच्या दिव्याच्या वायरीचा ठसा आहे. तळल्यावर तो फुगून वर येतो.

मग रंग. अँबेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तेव्हा वायरींचे रंगही त्या घराण्याच्या रीतीचे: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी फ्यूजमधून येणारी, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. मी ही यादी पाठ करून दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लाल, काळी, पिवळी. पिवळी उद्या येईल.” उस्तादांना त्याचं काहीच वाटलं नाही. “करंटले काय डोया ऱ्हातस?”

ज्या गावात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो होऊन संगणकात गेली, त्या गावात मी तीन रंगांच्या वायरी घेऊन उकिडवा बसलो होतो आणि मला एक इंडिकेटर लागत नव्हता. तूप मात्र येता-जाता आई विचारत होती, भाकरीवर किती घालू.

चार दिवसांचे अकरा झाले. रजा वाढवली. साहेबांना कारण ‘घरगुती अडचण’ असं कळवलं, ते खोटं नव्हतं. उस्तादांनी एक गोष्ट मात्र पोटतिडकीने केली. 45 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर, आणि तो सगळा भार इतकी वर्षं डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या बटणातून जात होता. त्यांनी मध्ये रिले बसवला, म्हणजे बटणाने नुसता इशारा करायचा आणि भार रिलेने उचलायचा. दिवे असे पेटले की समोरच्या ओट्यावरच्या आजोबांनी हात जोडले.

पण ते नंतर. बॅटरी जोडताना उस्ताद तिच्या वाटेत एक जुना हेडलाइटचा बल्ब जोडतात. कुठे शॉर्ट असेल तर वायर जळण्याऐवजी तो बल्ब पेटतो. गल्ली जमली होती, आईने नारळ आणला होता. उस्तादांनी टोक टेकवलं आणि बल्ब लख्ख पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी क्रमांक 17 आणि 41, माझ्या आठवणीतून पुन्हा लावलेल्या.

शेवटी सगळं जुळलं. स्टिअरिंगच्या नळीत घासून सोललेली हॉर्नची वायरही बदलली. डावीकडे वळताना ती पत्र्याला टेकायची. आता बटण दाबलं तरच हॉर्न. मी विजयी मुद्रेने पुण्याला परतलो.

आठवड्याने आईचा फोन. रागावलेली.

“ते उस्तादांना सांग, होतं तसं करून द्या.”

“काय?”

“अरे, बाजारातून येताना गल्लीत डावीकडे वळले की ती वाजायची. मी तवा ठेवायचे. पोरं फाटक उघडायची. आता हे मुकाट येऊन फाटकाबाहेर बसून राहतात आणि भाकरी करायला घेतली की आत येतात.”

“मग अप्पांना सांग ना, बटण दाबा म्हणून.”

“सांगितलं. म्हणाले, इतकी वर्षं न दाबता वाजत होता, आता स्वतःच्याच दारात हॉर्न कसला वाजवायचा?”

उस्तादांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “व्हई जाई. पन मजुरी डबल.”